वाफेच्या गाडीचा खेळ ब्रेकवरून जोखावा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवसांत मराठी वृत्तपत्रांतून संगणकीय खेळांची ओळख करून देणारा मजकूर येतो आणि त्यात आगगाडी चालवण्याच्या खेळांनाही अलीकडे जागा मिळू लागली आहे. परंतु धूर किती हुबेहूब दिसतो, शिटी कशी वाजते, डोंगरदऱ्या किती देखण्या रंगवल्या आहेत, एवढ्यावरच या खेळांचे गुण ठरतात. गाडीचा ब्रेक कसा लागतो आणि कसा सुटतो, याविषयी बहुधा एक ओळही नसते. वाफेच्या जड इंजिनाच्या खेळात पारखण्यासारखे जे सर्वांत महत्त्वाचे, तेच त्यामुळे राहून जाते. रेग्युलेटर, म्हणजे वाफेची मुख्य झडप, उघडून गाडी हलवणे नवशिक्याला लवकर साधते. तीच गाडी लांब उतारावर ताब्यात ठेवणे आणि हव्या त्या जागी उभी करणे ही शिकण्याची खरी बाब आहे, आणि त्याविषयी मराठीत काही वाचायला मिळत नाही, म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

आधी थोडा हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीत जेवढी गतिज ऊर्जा असते, जवळजवळ तेवढीच ऊर्जा ती गाडी १० मीटर खाली उतरताना नव्याने कमावते. गाडी चार डब्यांची असो वा शंभर वाघिणींची, हे प्रमाण बदलत नाही. बोरघाटाचा सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट असा आहे, म्हणजे तिथे साधारण ३७० मीटर पुढे गेले की तेवढे उतरणे होते. चाकांचा व वाऱ्याचा विरोध बाजूला ठेवला, तर याचा अर्थ असा की वेग कमी करणे दूरच, तो नुसता ५० वर टिकवायचा तरी दर ३७० मीटरला एक अख्खी गाडी थांबवण्याइतके काम ब्रेकला करावे लागते. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटमार्गाची एकूण चढण १,८३१ फूट, म्हणजे सुमारे ५५८ मीटर होती. खाली उतरेपर्यंत हे काम पन्नासाहून अधिक वेळा करायचे, आणि तेही मधे दम न खाता. सपाटीवर ब्रेक मारून गाडी थांबवता आली की ब्रेक जमला, असे समजणारा खेळाडू घाटात का फसतो, ते एवढ्यावरून कळावे.

इंजिनाचे वजन या कामी फारसे उपयोगी पडत नाही. अमेरिकेतील युनियन पॅसिफिक रेल्वेची ‘बिग बॉय’ इंजिने या खेळांत फार लोकप्रिय आहेत. १९४१ ते १९४४ या काळात अशी २५ इंजिने बांधली गेली; टेंडर (कोळसा-पाण्याची जोडगाडी) धरून एकाचे वजन ५४० टनांच्या वर जाते आणि वासाच पर्वतातील १.१४ टक्क्यांच्या चढावर ३,६०० अमेरिकी टनांची मालगाडी एकट्याने ओढता यावी, या बेताने त्यांची रचना केलेली होती. पण तीच गाडी उतरू लागली की मागचे तीन हजारांहून अधिक टन इंजिनाला ढकलू लागतात आणि इंजिनाचा स्वतःचा ब्रेक त्यांच्यापुढे तोकडा पडतो. म्हणून प्रत्येक वाघिणीने आपापला भार आपणच रोखला पाहिजे, आणि तो तिच्याकडून रोखवून घेण्याचे साधन म्हणजे गाडीभर गेलेली एक नळी आणि तीतली हवा.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचे पेटंट घेतले, तेव्हा इंजिनावरची दाबलेली हवा थेट ब्रेकच्या सिलिंडरांत जात असे आणि नळी तुटली की ब्रेकही जात असे. १८७२ च्या सुमारास त्यांनी ही रचना उलटी केली. प्रत्येक डब्याखाली हवेची स्वतंत्र टाकी आली, नळीत कायम दाब राहू लागला, आणि तो दाब उतरला की ट्रिपल व्हॉल्व्ह नावाची झडप टाकीतली हवा सिलिंडरात सोडू लागला. खेळात ब्रेकचा दांडा फिरवल्यावर नळीतल्या दाबाचा काटा वर जाण्याऐवजी खाली का येतो, हा नवशिक्याचा पहिला गोंधळ इथे सुटतो.

आता आकड्यांत पाहू. जुन्या अमेरिकी मालगाडीच्या नळीत सामान्यतः दर चौरस इंचाला ७० पौंड दाब असे. त्यातले १० पौंड सोडले की सिलिंडरात साधारण २५ पौंड जमतात. २० सोडले की टाकी आणि सिलिंडर यांची ५० पौंडांवर बरोबरी होते आणि त्यानंतर आणखी हवा सोडली तरी नेहमीच्या ब्रेकचा जोर वाढत नाही. इथवर सोपे आहे. अवघड भाग पुढे येतो, कारण या मालगाड्यांचा ब्रेक टप्प्याटप्प्याने वाढवता येतो, पण टप्प्याटप्प्याने सोडता येत नाही. वेग हवा त्यापेक्षा थोडा अधिकच कमी झाला म्हणून ब्रेक ‘जरासा’ सैल करायला गेलात, तर साऱ्या वाघिणींचा ब्रेक पूर्णपणे सुटतो, गाडी पुन्हा धावू लागते आणि वाघिणींच्या टाक्या तर अजून पुन्हा भरलेल्या नसतात.

टाक्या पुन्हा भरायला लागणारा वेळ ही या खेळातील सर्वांत मोलाची शिकवण, असे माझे मत आहे. चाळीतल्या पहिल्या खोलीचा नळ धो धो वाहत असताना शेवटच्या खोलीत नुसता थेंब पडतो, तसे लांब गाडीत हवेचे होते. ड्रायव्हरसमोरचा काटा ७० दाखवतो, कारण तो इंजिनाजवळचा दाब असतो; त्याच क्षणी शेपटाकडच्या वाघिणीची टाकी कदाचित ६० वरच असते. अशा वेळी नळीतून ८ पौंड सोडले, तर नळी ६२ वर येते आणि ६० वर असलेल्या मागच्या टाकीला दाब उतरल्याचे जाणवतच नाही. पुढच्या वाघिणी ब्रेक घेतात, मागच्या घेत नाहीत आणि त्या पुढच्यांवर येऊन आदळतात. घाबरून पुन्हा सोडले, पुन्हा लावले, की दर वेळी शिल्लक आणखी घटते. असे तीन-चारदा झाले की दांडा शेवटापर्यंत नेला तरी हाती काही लागत नाही. गाडी पळून जाण्याचे अनेक जुने प्रसंग ब्रेक तुटल्यामुळे नव्हे, तर अशी हवा उधळल्यामुळे घडले आहेत. खेळाने हे यथातथ्य उतरवले असेल तर तो मी चांगला मानतो, मग त्यातली झाडे पुठ्ठ्याची का दिसेनात.

म्हणून उतरण सुरू होण्याआधीच, वेग कमी असताना, हलका ब्रेक लावून तो तसाच धरून ठेवायचा आणि उतार व ब्रेक यांचा तोल जमू द्यायचा, ही पहिली रीत. तोल कायम राहत नसेल, तर मधल्या कमी उताराच्या तुकड्यावर वेग बराच खाली आणायचा, ब्रेक सोडायचा आणि गाडी पुन्हा वेग धरेपर्यंत टाक्या भरून घ्यायच्या. त्यासाठी पुढचा उतार आधी ठाऊक हवा. खऱ्या ड्रायव्हरला नव्या मार्गावर एकट्याने सोडण्यापूर्वी तो मार्ग शिकवतात तो याचकरिता. तीव्र उतारांसाठी अमेरिकी वाघिणींवर रिटेनर नावाचा छोटा व्हॉल्व्ह असे. घाटमाथ्यावर गाडी थांबवून ब्रेकमन एकेका वाघिणीवर तो फिरवत जात आणि मग नळीत दाब भरला तरी सिलिंडरात १० किंवा २० पौंड अडकून राहत. थोडा ब्रेक लागलेला असतानाच टाक्या भरण्याची ही युक्ती होती. ओपन रेल्स या विनामूल्य, मुक्तस्रोत खेळात ती कळफलकावरून करता येते. खेळाडूला टपावरून चालावे लागत नाही, एवढाच फरक.

इंजिनाचा स्वतंत्र ब्रेक हे दुसरे प्रकरण. गाडीचा ब्रेक लावला की इंजिनाचाही लागतो आणि लांब उतारावर तो मुद्दाम सोडून द्यावा लागतो. वाफेच्या इंजिनाच्या मोठ्या चाकांवर पोलादी टायर तापवून चढवलेले असतात आणि थंड होताना ते आवळून बसतात. ब्रेकचे ब्लॉक त्यांवर दीर्घकाळ घासत राहिले तर टायर तापून प्रसरण पावतात आणि चाकावर सैल होऊ शकतात. शिवाय केवळ इंजिनच रोखले गेले, तर वाघिणींच्या कपलिंगमधील सारी ढिलाई पुढे धावत येते आणि त्या धक्क्याने माल हलतो, प्रसंगी वाघीण रुळांवरून उचलली जाते. गाडी ताणलेली आहे की दबलेली, हे डोक्यात ठेवून ब्रेक लावणे ही उमेदवारीच्या काळात अंगवळणी पडणारी गोष्ट. पडद्यासमोर बसलेल्याला धक्का जाणवत नाही, ही या खेळांची मोठी उणीव आहे आणि ती आकड्यांकडे पाहूनच भरून काढावी लागते. ओपन रेल्समध्ये एफ ५ ही कळ दाबल्यावर शेवटच्या डब्यातला दाबही दिसतो. खऱ्या वाफेच्या ड्रायव्हरला ही सोय नव्हती, हे खरे. पण त्याला अंगाखालची फळी सांगत असे ते आपल्याला सांगायला कोणी नसते, तेव्हा ही मदत घेण्यात मला गैर वाटत नाही.

दांड्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. आजच्या इंजिनांत दांडा ज्या जागी ठेवावा त्या जागेनुसार दाब आपोआप ठरतो. जुन्या वाफेच्या इंजिनांत तसे नव्हते. ‘सर्व्हिस’मध्ये दांडा असेपर्यंत हवा जातच राहते, हवी तेवढी गेली की ड्रायव्हरने स्वतः तो ‘लॅप’मध्ये आणून ती रोखायची, आणि रोखल्यावरही गळतीने दाब हळूहळू उतरत राहतो, हे ध्यानात ठेवायचे. सोडताना दांडा ‘रिलीज’मध्ये फार वेळ ठेवला तर मुख्य टाकीचा चढा दाब पुढच्या वाघिणींत शिरतो आणि मग दांडा नेहमीच्या जागी आणल्यावर त्यांचे ब्रेक अकारण धरून राहतात. डिरेल व्हॅली या खेळातील वाफेच्या इंजिनांचा ब्रेक असाच, स्वतः न थांबणारा आहे. डिझेलवर हात बसलेले खेळाडू त्यावर वैतागतात, पण त्यांनी वैतागून तो खेळ सोडू नये असे मी सुचवीन.

इथे वाफेच्या इंजिनाची आणखी एक गुंतागुंत येते. डिझेल किंवा विजेच्या इंजिनाला उतारावर मोटारी जनित्रासारख्या राबवून गाडी रोखता येते. बोरघाटासाठी १९२८ पासून आलेली ‘क्रोकोडाइल’ विजेची इंजिने तर उतरताना तारेत वीज परत देत. सामान्य वाफेच्या इंजिनाला अशी सोय नाही, आणि हवा दाबणारा पंपसुद्धा वाफेवरच चालतो. उतारावर इंजिन काम करत नाही म्हणून फायरमनने आग मरू दिली, तर ब्रेकच्या हवेलाच तोटा पडतो. बॉयलरच्या पाण्याचेही भान हवे. भट्टी बॉयलरच्या मागच्या टोकाला असते. गाडी माथा ओलांडून खाली झुकली की पाणी पुढे सरकते आणि भट्टीच्या छतावरचा थर पातळ होतो. तो उघडा पडणे म्हणजे स्फोटाला आमंत्रण. तेव्हा माथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पाणी वाढवून ठेवावे लागते, नेमके त्या वेळी जेव्हा चढासाठी वाफेची चणचण असते आणि थंड पाणी आत घेणे परवडत नाही. चढ, पाणी, हवा आणि उतार यांचा हिशेब असा एकत्र करावा लागतो. फायरमनचे काम संगणकावर सोपवले तर नवशिक्याची यातून काही काळ सुटका होते, आणि सुरुवातीला ती घ्यावीही.

व्हॅक्यूम ब्रेकचा स्वभाव याहून पुष्कळ वेगळा आणि आपल्या वाचकांना तो अधिक जवळचा असायला हवा, कारण भारतीय रेल्वे कित्येक दशके त्यावरच चालली. मायक्रोसॉफ्टने २००१ साली आणलेल्या खेळात ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे वाफेचे इंजिन इंग्लंडच्या सेटल–कार्लाइल मार्गावर चालवता येत असे. त्या मार्गावर १०० फुटांना १ फूट असा उतार मैलोन्‌मैल चालतो. व्हॅक्यूमच्या गाडीत इजेक्टर वाफेच्या झोताने नळीतली हवा काढून घेतो, निर्वात सामान्यतः २१ इंच पाऱ्याइतका राखला जातो, आणि ड्रायव्हरने हवा आत येऊ दिली की ब्रेक लागतो. प्रवासी साखळी ओढतो तेव्हाही त्याच नळीत हवा शिरत असे. २१ इंच म्हणजे दर चौरस इंचाला जेमतेम १० पौंड. वातावरणाचा दाबच मुळात १५ पौंडांच्या आत असल्याने यात फार वाढ करता येत नाही, म्हणून सिलिंडर मोठे ठेवावे लागतात आणि लांब, जड गाडीला हा ब्रेक अपुरा पडतो. पण त्याचा एक मोठा गुण असा की तो थोडा थोडा सोडता येतो. फलाटाकडे येताना वेगाच्या चढ्या भागात जोराने ब्रेक लावावा, वेग उतरेल तसा निर्वात वाढवत न्यावा आणि गाडी थांबता थांबता ब्रेक जवळजवळ सुटलेला असावा. डब्यातल्या माणसाच्या हातातला चहा सांडत नाही तो यामुळे. बिडाचा ब्लॉक कमी वेगात अधिक घट्ट धरतो, ही गोष्टही या रीतीमागे आहे.

ब्रेकची नळीच नसलेल्या मालगाड्या ब्रिटनमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत होत्या. लिकी येथील उतार ३७.७ ला १, म्हणजे जवळजवळ बोरघाटाइतकाच. तिथे माथ्यावर गाडी थांबवून वाघिणींचे हातब्रेक खटक्यांनी अडकवत आणि मग इंजिन व गार्डची व्हॅन यांच्या भरवशावर खाली येत. आपल्याकडे माथेरानच्या २० ला १ उतारावर इंजिनाच्या शिटीच्या इशाऱ्यावर डब्याडब्यांतले ब्रेकमन हाताने ब्रेक आवळत. आणि खुद्द बोरघाटातल्या आरंभीच्या खास टँक इंजिनांना चाकांच्या ब्रेकखेरीज थेट रुळांवर दाबले जाणारे ब्रेक होते. उतरताना वाटेत उलटफेरीचे, म्हणजे गाडीची दिशा बदलण्याचे, स्थानक लागे आणि तिथे गाडी थांबलीच पाहिजे, कारण त्यापुढे रूळच नव्हते. विद्युतीकरणाच्या वेळी, १९२९-३० च्या सुमारास मार्ग बदलला आणि ते स्थानक गेले; ताबा सुटलेल्या गाडीला चढावर वळवून रोखणाऱ्या कॅच सायडिंग मात्र घाटात आजही आहेत.

हे खेळ नवशिक्यासाठी सोपे करण्याचे पर्याय देतात. ओपन रेल्समध्ये नियंत्रण आणि भौतिकशास्त्र सरधोपट करणारी एक खूण (टिक) आहे, आणि हवेचा ब्रेक टप्प्याटप्प्याने सुटू देणारी दुसरी. प्रवासी गाड्यांच्या काही पद्धतींना दुसरी खूण योग्यच आहे. जुन्या अमेरिकी मालगाडीला ती लावली तर वर सांगितलेली सारी अडचण नाहीशी होते आणि तिच्याबरोबर शिकण्याजोगेही. माझा सल्ला असा की पहिली खूण थोड्याच दिवसांत काढावी, दुसरी गाडी पाहून ठेवावी, आणि सुरुवात बिग बॉयने न करता पाच-सहा डब्यांच्या छोट्या गाडीने, ओळखीच्या एकाच मार्गावर करावी. इंजिन बदलण्याआधी वाघिणींची संख्या वाढवत न्यावी. ब्रेक कधी लावायचा याच्या खुणा, म्हणजे पूल, मैलाचा दगड, सिग्नल, वहीत टिपून ठेवाव्यात.

आपल्या वृत्तपत्राला दोन विनंत्या आहेत. आपल्या परीक्षकांनी अशा खेळाविषयी लिहिताना तो कोणत्या ब्रेकची नक्कल करतो, टाक्या भरायला त्यात वेळ लागतो की नाही, इंजिनाचा ब्रेक वेगळा सोडता येतो की नाही, एवढे तरी वाचकांना सांगावे. दुसरी विनंती अधिक निकडीची आहे. भारतीय मार्ग आणि इंजिने संगणकावर उतरवण्याचा उद्योग हौशी मंडळी करत असतात; त्यांना इंजिनाची छायाचित्रे मिळतात, मापे मिळतात, परंतु निर्वात बनायला किती वेळ लागे, गळकी गाडी कशी सांभाळत, गार्डच्या व्हॅनमधला काटा इंजिनापेक्षा किती मागे राही, हे सांगणारे कोणी भेटत नाही. बोरघाटातून वाफेची गाडी नियमितपणे उतरवलेला माणूस आता मिळणे शक्य नाही. पण व्हॅक्यूमच्या गाड्या त्यानंतरही अनेक दशके घाटातून उतरत होत्या आणि देशातील ब्रॉडगेजवर वाफेची इंजिने १९९५ पर्यंत टिकली. ती चालवलेले ड्रायव्हर, फायरमन आणि गार्ड भुसावळ, मनमाड, दौंड, कल्याण अशा रेल्वेच्या गावांत आजही असतील. त्यांनी ब्रेकविषयीच्या आठवणी, आकड्यांसह, आपल्याकडे लिहून पाठवाव्यात असे आवाहन आपण करावे आणि रविवारच्या अंकात त्यांना जागा द्यावी. लिहिणे ज्यांना कठीण जाईल त्यांच्याकडे जाऊन माहिती टिपून घेण्याचे काम माझ्यासारखे वाचक आनंदाने करतील.

कळावे,

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली